आबांच्या हयातीत

“आबा, तेवढं डोक्यावरचं काढून ठेवा,” आनंदराव म्हणाले.

सावळा ढेबे अंगणाच्या कडेला खुर्चीत बसले होते. अंगणाची मधली जागा आनंदरावांनी आबांच्या थोरल्या मुलासाठी, सिद्धनाथसाठी, मोकळी ठेवली होती. तिथं एक पाट मांडला होता आणि सतरंजीवर पालीतली आणि वरच्या वाडीवरची माणसं बसली होती. आबांनी आधी पाटाकडं पाहिलं, मग आनंदरावांकडं.

“काढून ठिवू?”

“हो. बघणाऱ्याला कळलं पाहिजे ना. इथून उतरलं, तिथं चढलं.”

आबांनी पागोटं दोन्ही हातांनी उचललं आणि मांडीवर ठेवलं. त्यांचं कपाळ वरच्या बाजूला एकदम गोरं होतं. त्याला ऊन ठाऊकच नव्हतं. सतरंजीवरच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मान फिरवली. आनंदराव तेवढ्यात पिशवीतून कापड काढण्यात गुंतले होते, त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही. दिसलं असतं तरी त्यांनी त्याचा चांगलाच अर्थ लावला असता. तो त्यांचा स्वभावच होता.

आनंदराव परचुरे भोरच्या एका सहकारी बँकेत उभं आयुष्य काढून बाहेर पडले होते. बँकेत त्यांनी एकच गोष्ट पोटभर पाहिली: बाप गेला की वर्ष-दोन वर्षांत दुकानाला कुलूप लागतं, आणि मग ते कुलूप कोणाचं यावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात. निवृत्तीनंतर देवदेव करण्याऐवजी त्यांनी पुण्यात जाऊन एक अभ्यासक्रम केला आणि घराच्या ओसरीवर पाटी लावली, ‘कौटुंबिक व्यवसाय सल्लागार’. बायको म्हणाली, लोकांच्या घरात नाक खुपसायचं आता शिक्षण मिळतं वाटतं. पण गिऱ्हाइकं आली. भोरच्या एका औषधांच्या दुकानात त्यांनी बापाच्या जागी सुनेला बसवलं. नसरापूरच्या हनुमंत शेटच्या हार्डवेअरच्या दुकानात दोन भावांची कामं अशी वाटून दिली, की ते पुन्हा एका ताटात जेवायला लागले. ‘हयातीत’ हा त्यांचा लाडका शब्द. सगळं बापाच्या हयातीत झालं पाहिजे, हयातीत सोडलेलं गोड लागतं, असं ते प्रत्येक घरात सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा कीर्तनकारासारखा व्हायचा.

ढेब्यांचं घर त्यांना हनुमंत शेटनंच गाठून दिलं. आबांनी तरुणपणी वरच्या धनगरवाड्यावरून ताकाची कळशी डोक्यावर घेऊन राजगडाच्या वाटेवर बसायला सुरुवात केली होती. पुढं ते पालीत उतरले. आता तिथं त्यांची खानावळ होती, मागं शेळ्यांचा गोठा होता, आणि पलीकडच्या रानात गडावर येणाऱ्यांसाठी तंबू लागत होते. थोरला सिद्धनाथ चूल सांभाळायचा, धाकटा सोमेश्वर मोबाईलवर माणसं गोळा करायचा, पण होय की नाही हे आबाच सांगायचे. एकदा पुण्याहून आलेली अख्खी बस त्यांनी परत पाठवली, कारण पोरं गाडीतून उतरतानाच झिंगलेली होती. सोमेश्वरनं त्या दिवशी घर सोडून जायची भाषा केली. तिथून पुढं चार-पाच रविवार आनंदराव पालीला येत राहिले. प्रत्येकाचं ऐकून घेतलं, आबांबरोबर शेळ्यांमागं फिरले, थोरल्या सुनेला, धनश्रीला, मुद्दाम बोलतं केलं. शेवटी आबा आपण होऊन म्हणाले, “थोरल्याकडं देतो. धाकटा त्याचं ऐकंल. मी शेरडं बघतो.” हे काम आनंदरावांनी खरोखर मनापासून आणि चांगलं केलं होतं. नुसतं तेवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं.

पण आनंदरावांचं म्हणणं असं, की सूत्रं दिलेली चार लोकांना दिसली पाहिजेत. नसरापूरला त्यांनी गल्ल्याची किल्ली हार घालून दिली होती. इथं गल्ला म्हणजे आबांच्या बंडीचा खिसा. म्हणून त्यांनी फेटा बांधायचं ठरवलं. फेटा बांधायला घरच्यांपैकी कोणाचीच हरकत नव्हती. बाकीचं त्यांनी वाटेत गाडीत ठरवलं, आणि ते आपल्याला फार छान सुचलं असं त्यांना वाटत होतं.

पिशवीतून निघालं ते पांढरंशुभ्र कापड. भगवा, गुलाबी फेटा काय, कोणीही बांधतं; आबा जन्मभर पांढरं बांधतात, तेच मुलानं पुढं न्यावं.

“आणि बांधायचं सिद्धनाथच्या मामांनी,” आनंदराव म्हणाले. “बापानं बांधलं तर बाप वाकला असं होतं. मामा म्हणजे घरचाही आणि बाहेरचाही.”

सिद्धनाथ पुढं आला आणि आनंदरावांना हाताला धरून जरा बाजूला घेऊन गेला.

“सायेब, मामा नगं. तुमीच बांधा की.”

“अहो, मी परका माणूस. मान मामांचा.”

“तसं न्हवं ओ. मामानं बांधायचं म्हंजी...” सिद्धनाथनं बापाच्या उघड्या डोक्याकडं पाहिलं.

“लाजू नका. आता तुम्ही मालक,” म्हणून आनंदरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मामा म्हणजे रखमाजी, आबांचे मेव्हणे, सकाळीच गुंजवण्याहून आले होते. त्यांनी कापड हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले.

“दाजी, माज्या हातनं नगं,” ते आबांना म्हणाले.

“बांध, रखमाजी.” आबांचा आवाज साधाच होता. “सायेब सांगत्यात तसं करा. मान्सं खोळंबल्यात.”

रखमाजींनी भाच्याला पाटावर बसवलं आणि पागोटं बांधलं. बांधताना ते भाच्याच्या तोंडाकडं बघत नव्हते आणि भाचा खाली जमिनीकडं बघत होता. दारात उभ्या असलेल्या भागूबाईंनी, आबांच्या बायकोनं, तोंडाला पदर लावला. शेजारच्या दोघी-तिघी त्यांच्याभोवती जमल्या, एकीनं त्यांना जवळ घेतलं आणि तिलाच हुंदका फुटला.

“आनंदाश्रू,” आनंदराव सतरंजीकडं बघून म्हणाले. मग ते बोलायला उभे राहिले. त्यांनी आबांचे कष्ट सांगितले, ताकाची कळशी सांगितली. आबांनी जे उभं केलं ते आज मुलांसाठी मागं ठेवलं, म्हणाले. आबा आता निवांत झाले, म्हणाले. “आबांसाठी सगळ्यांनी उभं राहायचं,” असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळे उभे राहिले. हात जोडून, माना खाली घालून उभे राहिले. टाळी एकट्या आनंदरावांची वाजली, आणि थोडा वेळ वाजून थांबली.

साधी माणसं, त्यांना वाटलं. भारावली आहेत. त्यांनी पाटावरच्या सिद्धनाथचा आणि मागं उभ्या रखमाजींचा फोटो काढला आणि आपल्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘ढेबे कुटुंब, पाली. आबांचा वारसा आता सिद्धनाथकडे.’

जेवायला लापशी होती. आबांच्या मनात बोकड कापायचं होतं, पण मंगल दिवस आहे, गोडच करा, असं आनंदरावांनी आदल्या रविवारीच सांगून ठेवलं होतं. पंगत लवकर उठली. एवढ्या माणसांत वाढा, बस करा, आणखी घ्या असं काही ऐकू आलं नाही. आनंदराव मात्र दोनदा वाढून घेऊन तृप्त झाले.

ते पिंपाजवळ हात धूत होते तेव्हा खिशातला मोबाईल वाजला. ग्रुपवर हनुमंत शेटचा निरोप आला होता: ‘भावपूर्ण श्रद्धांजली. आबा कधी गेले? कळवलं नाही कोणी.’ त्याखाली आणखी दोघांनी हात जोडले होते. आनंदरावांना हसू आलं. पाणी ओतून द्यायला धनश्री उभी होती, तिच्यापुढं त्यांनी मोबाईल धरला.

“बघा हो, हनुमंत शेटचा काय घोटाळा झालाय.”

धनश्रीनं वाचलं. तिनं तांब्या पिंपावर ठेवला.

“घोटाळा त्येंचा न्हाई, सर,” ती म्हणाली. ती बारावी झालेली, पुण्याच्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिची भाषा अर्धी शहरी झाली होती. “फोटो बघून कुणीबी तसंच समजनार. आमच्यात मानूस गेल्यावर दहाव्याला असं करत्यात. थोरल्या पोराला पाटावर बसवत्यात. मामा पांढरं पागोटं आनतो आणि त्येच्या डोक्याला बांधतो. बापाचं आता तू बघ, म्हनून. मग गोड जेवान.”

आनंदरावांच्या हातावरचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

“मग... मला कोणी सांगितलं का नाही?”

“ह्यांनी सांगितलं की. तुमी म्हनाला, लाजू नका.”

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती फक्त घडलं ते सांगत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, “सासूबाई आत जाऊन परत कुकू लावून आल्या. नीट लागंना. मीच लावलं शेवटी.”

आनंदरावांना आधी वाटलं ते एवढंच, की गाडीत बसावं आणि भोरला जावं. हे त्यांच्याविषयी सांगायलाच हवं. पस्तिशीतल्या पोरीसमोर साठीचा माणूस तोंड लपवायला जागा शोधत होता, आणि ती जागा त्याला गाडीच्या काचेआड दिसत होती. त्यांनी घाईघाईनं ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. पण नसरापूरच्या बाजारात बातमीला फोटो लागत नाही. खानावळीतला फोन वाजला. कोणी उचलेना. शेवटी आबाच उठले.

“हां, बोला... व्हय, पालीवरनंच... न्हाई न्हाई. मीच बोलतोय. सावळा... व्हय, हाय अजून. जेवलो आत्ता.” त्यांनी फोन ठेवला आणि तो लगेच परत वाजला. “मीच बोलतोय,” आबा पुन्हा म्हणाले. दारात पांढरं पागोटं घातलेला सिद्धनाथ उभा होता. तो ते काढूही शकत नव्हता आणि बापासमोर घालून फिरूही शकत नव्हता.

आनंदरावांनी पाय ओढत खुर्चीपर्यंतचं अंतर कापलं. आबा येऊन पुन्हा तिथंच बसले होते. त्यांचं स्वतःचं पागोटं खुर्चीच्या हातावर नीट घडी करून ठेवलेलं होतं.

“आबा, माझं फार चुकलं. मला माहीत नव्हतं.”

“ठावं आसतं तर कशाला केलं आसतं,” आबा म्हणाले.

“तुम्हाला तर माहीत होतं. तुम्ही का नाही थांबवलंत? पाटावर बसायच्या आधी एक शब्द बोलला असता तर...”

आबांनी जरा विचार केला. लहान मुलाला समजेल असं कसं सांगावं, तसा.

“तुमी येवढ्या लांबनं येत व्हता. दर रईवारी. माजी दोनी पोरं तुमच्या पायी येका जागी बसली, ती बसत न्हवती. आन् चार मान्सांत मी म्हनायचं, ह्यो मानूस चुकला? तुमाला खाली बघाया लावायचं? म्या इचार केला, आपलं काय जातंय. कवातरी व्हायाचंच हाय. दोन घटका बसू.”

आनंदरावांना आपली मान कुठं ठेवावी हे कळेना. बँकेत असताना त्यांनी माणसांना रडताना पाहिलं होतं, हातापाया पडताना पाहिलं होतं, शिव्या देताना पाहिलं होतं. त्यांचा मान राहावा म्हणून कोणी स्वतःच्या दहाव्याला येऊन बसेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“निदान ते परत बांधा आता,” खुर्चीवरच्या पागोट्याकडं बघून ते म्हणाले.

“आता कसं बांधू, सायेब? ते पोराच्या डोक्यावर गेलं. आत्ता म्या बांधलं तर त्येचं उतरवाय लागंल. चांगलं न्हवं ते, नव्या मालकाचं.” आबा किंचित हसले. “तुमीच सांगितलं न्हवं का, हितनं उतरलं, तितं चढलं.”

या वाक्यात टोमणा होता की नाही, हे आनंदरावांना कळलं नाही. टोमणा असता तर त्यांना धरून राहायला काहीतरी मिळालं असतं.

उन्हं कलायला लागली तशी माणसं निघाली. रखमाजी उठले, पायात वहाणा घातल्या आणि कोणाकडं न बघता फाटकाबाहेर पडले. मागोमाग वाडीवरचे दोघे म्हातारे. मग बायका. एकही माणूस ‘येतो’ म्हणाला नाही. दुखवट्याच्या घरून निघताना ते म्हणायचं नसतं, कारण अशा घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये. हे आनंदरावांनाही माहीत होतं. तेवढं त्यांच्याकडंही पाळतात. कोणी ठरवून केलं नव्हतं. सकाळपासून सगळं तसंच झालं होतं, म्हणून पाय आपोआप तसेच निघाले. आबा खुर्चीत ताठ बसून एकेकाकडं बघत होते आणि बघता बघता अंगण रिकामं झालं.

आनंदराव गाडीत बसले. हात जोडले असावेत. त्यांना नीट आठवलं नाही. वाजेघर मागं पडलं. मार्गासनीच्या चौकात एस.टी. वळत होती म्हणून त्यांना थांबावं लागलं, आणि तिथं थांबल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपणही काही न बोलताच निघून आलो.

मागची गाडी भोंगा वाजवायला लागली. आनंदरावांनी गाडी वळवली.

परत पोचले तेव्हा अंगणात सतरंजीची घडी झाली होती. आबा मोरीजवळ उकिडवे बसून, शेळ्यांना घालायला उष्ट्या पातेल्यातली लापशी एका घमेल्यात काढत होते. डोकं उघडंच होतं. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी हात थांबवला.

“काय इसरलं का, सायेब?”

“हो.” चार लोकांत कीर्तन करणाऱ्या माणसाला दोन अक्षरं जड झाली होती. “येतो म्हणायचं राहिलं.”

आबांचा हात घमेल्यात तसाच होता.

“येतो, आबा.”

“या,” आबा म्हणाले. मग घमेलं बाजूला सारून म्हणाले, “बरं केलं. रखमाजीबी म्हनला न्हाई.”

ते गुडघ्यावर हात टेकून उठले, हात धुतले, आणि घरचा माणूस पाहुण्याला सोडायला येतो तसे गाडीपर्यंत चालत आले.